सुमनचे सुती मोजे

हसायचं असंन तर आताच हसून घ्या, कारण पुढं मीच कुठंतरी मधात थांबन अन् तुमची पंचाईत होईन. येडेपणा तसा मी लय केला जिंदगीत. पण यंदा मोज्यापायी माही जी फजिती झाली ना बाप्पा, तशी वैऱ्याचीही होऊ नये!

हो, मोजे. पायातले. दुसरे कोणते राह्यतात?

मी खामगावच्या एका जिनिंगात कामाले हाय. कापूस पाह्यतो. म्हणजे गाडी आली का त्यातला मूठभर कापूस घ्यायचा, सरकी काढायची, रुई दोन्ही आंगठ्यात धरून ओढायची अन् माल कसा हाय ते सांगायचं. धागा केवढा, ओल किती, वरून चांगला भरून खाली खराब दडवला का, सगळं सांगतो. लोक म्हणतात, दादारावभाऊची बोटं फसत नाहीत. आता बोटांची इतकी तारीफ ऐकल्यावर माणूस काय करते? माणूस चढते. मले वाटू लागलं का आपले पायही बोटांसारखेच हुशार हायेत.

लग्न नवं होतं तवाची गोष्ट. सुमननं, म्हणजे माह्या बायकोनं, बाजारातून चमकदार नायलॉनचे मोजे आणले. मी एक दिवस घातले अन् संध्याकाळी काढून सरळ अंगणात भिरकावले.

"कापसातल्या माणसाच्या पायात पिलास्टिक? आजपासून या घरात शुद्ध सुती मोजे येतीन. मिसळ माल मी जिनिंगात घेत नाही, पायात काऊन घेऊ?"

तिनं अंगणातून मोजे उचलले अन् आत गेली. पुढच्या बाजाराले दुसरे आणले. मी घातले, अन् काय सांगू! सकाळी घातलेले रात्री काढले, पण ना घाम, ना खाज, ना सरकणं.

मी म्हटलं, "पाह्य! याले म्हणतात सूत!"

ती म्हणाली, "हाव."

तवापासून मोजे आणायचं काम तिचं अन् तारीफ करायचं काम माहं. जिनिंगात नवीन पोरगं लागलं का मी त्याले बूट काढून मोजा दाखवत जाय. "पाय दिवसभर धड ठेवायचे असतीन तर निस्तं सूत घाल बे. मिसळीच्या नादी लागू नको." ऐकून ऐकून अर्ध्या जिनिंगाले हे भाषण पाठ झालं होतं.

यंदा उन्हाळ्यात सुमन गेली.

तापाचं निमित्त झालं, अन् गेली. विहारात पुण्यानुमोदन झालं, सगळे रडले. मी नाही रडलो. येईनाच रडू. मी सतरंज्या अंथरत होतो, पाण्याचा टँकर आला का ते पाह्यत होतो, आल्यागेल्याले जेवलात का इचारत होतो. लोक म्हणे, मोठा खंबीर माणूस. मलेही तसंच वाटलं.

तिनं आणलेले मोजे मात्र एकेक करून टाचेत गेले. दिवाळी आली तवा एकच जोडी धड उरली. ती मी घालायची बंद केली अन् कपाटात ठेवून देली. पण कापसाचा हंगाम तोंडावर आलेला! दिवसभर उभं राह्यणं, पायात कंपनीचे जाड बूट. मोज्याशिवाय कसं जमंन?

मग मी पह्यल्यांदा स्वतः मोजे घ्याले निघालो. रफिकभाईचं होजियरीचं दुकान बाजारात हाय, सुमन तिथूनच न्यायची, एवढं माहीत होतं. मी रुबाबात म्हटलं, "रफिकभाई, शुद्ध सुती मोजे दाखवा. निस्तं सूत. दुसरा धागा एक चालणार नाही."

रफिकभाई थोडा घुटमळला. "भाऊ, भाभी तर वेगळे..."

"रफिकभाई, चाळीस गावांचा कापूस या बोटांखालून जाते. मले सूत शिकवता काय?"

त्या बिचाऱ्यानं शुद्ध सुती काढून देले, मी बोटानं तपासले, मान हालवली अन् घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी घातले. जिनिंगाच्या फाटकापर्यंत ठीक होते. मग डावा खाली सरकला. मग उजवा. चहाच्या वेळेपर्यंत दोन्ही मोजे टाचेखाली गोळा होऊन बसले, अन् मी बुटात लाडू ठेवल्यासारखा चालू लागलो. आता कापूसवाल्यांच्या गर्दीत, ट्रॅक्टरच्या रांगेत, माल पाह्यणारा माणूस बूट काढून मोजे वर ओढीन का? इज्जत हाय का नाही? मी काय करे, रुईच्या दाबलेल्या गाठींची जी थप्पी रचलेली असते ना, तिच्या मागं जाय. खाली वाके. बूट काढे, मोजे ओढे, बूट घाले. वाकून वाकून तोंड लाल, डोळ्यात पाणी, रुईचे तंतू नाकात गेले का सूं सूं. मग खिशातून रुमाल काढून तोंड पुसत बाहेर ये.

दिवसातून किती वेळा? इचारू नका.

आता तुम्हीच सांगा, बाहेरून पाह्यणाऱ्याले काय दिसंन? बायको गेलेला माणूस घडीघडी गाठीमागं जाते, अन् लाल डोळ्यानं रुमाल घेऊन येते!

गाठी बांधायच्या प्रेसवर किसना नावाचा गडी हाय, माह्या हाताखालीच तयार झाला. एक दिवस तो गाठीमागं चहा घेऊन आला.

"भाऊ, रडून घ्या. मन हलकं होते."

"काऊन रडू बे? मोजे सरकून राह्यले माहे!"

किसनानं मान खाली घातली. "हो भाऊ. मोजेच सरकतात. समजते आम्हाले."

"अरे खरंच सरकतात!"

"हो ना भाऊ. माहा बाप गेला तवा माह्या डोळ्यात रोज कचरा जाये."

घ्या! झालं ना कल्याण! तिथून जे सुरू झालं! प्रेसवाल्यांनी मोबाइलवरची गाणी बंद केली. किसनाची बायको माह्यासाठी डबा पाठवू लागली, त्यात रोज काहीतरी गोड. मालकानं सगळ्यांदेखत खांद्यावर हात ठेवला. कापूस आणणारे शेतकरीही, एरवी कापसाच्या भावापायी गळा धरतीन असे, माह्यासमोर हळू बोलू लागले. मी गाठीकडं वळलो का माणसं वाट सोडत. एका म्हाताऱ्यानं तर टोपी काढली!

मी जेवढं ओरडून सांगो का मोजे सरकतात, तेवढी लोकं जास्त कळवळत.

शेवटी किसनानं वर्षाले फोन केला. वर्षा माही पोरगी, अमरावतीले दवाखान्यात नर्स हाय. ती रजा टाकून आली ते थेट माही बॅग भरू लागली.

"बाबा, तुम्ही माह्यासंग चला. नोकरी पुरे झाली."

"मले काय झालं?"

"किसनाभाऊनं सांगतलं सगळं. दिवसभर लपून रडता म्हणे तुम्ही."

"वर्षा, मी एक थेंब रडलो नाही. मोजे..."

"बाबा!" तिच्या डोळ्यात पाणी आलं. "हेच तर! आई गेल्यापासून तुम्ही कधी पंख्याचं बोलता, कधी टँकरचं, आता मोज्याचं. आईचं नावच काढत नाही."

आता मात्र माही तंतरली. मले ते घर सोडायचं नव्हतं. ओट्यावर सुमनचे डबे जसेच्या तसे होते. तिनं लावलेला कढीपत्ता दारात हाय, त्याले पाणी कोण घालीन? मी अमरावतीले गेलो असतो तर घराले कुलूप लागलं असतं, अन् कुलूप लागलं का ती खरंच गेली असती. हे पोरीले सांगता येईना. मग मी काय सांगतलं? मोज्याचंच!

"चल, तुले पुरावा दाखवतो. त्या रफिकभाईनं मले फसवलं. सुताच्या नावावर भलतंच काही देलं. म्हणून सरकतात. हे सिद्ध झालं तर बॅग खाली करायची, कबूल?"

ती माह्या तोंडाकडं पाह्यत राह्यली. मग म्हणाली, "कबूल."

मी कपाट उघडलं, सुमनच्या शेवटच्या जोडीतला एक मोजा खिशात टाकला. अस्सल कशाले म्हणतात ते दाखवाले नको?

दुकानात शिरल्या शिरल्या मी आवाज चढवला. "रफिकभाई, काडीपेटी आणा!"

"भाऊ, दुकान हाय माहं! सगळं कापड भरलेलं!"

"मग बाहेर चला. पायरीवर."

जिनिंगात मी लोकांच्या खिशातल्या काडीपेट्या फाटकावर काढून घेतो, अन् इथं भर बाजारात काडी पेटवून उभा! माणसं जमलीच. बाजाराच्या दिवशी खामगावात गर्दीले काय लागते? मग मलेही चेव आला.

"पाहा मंडळी! खरं सूत कागदावाणी जळते. राख होते, फुंकली का उडून जाते. मिसळ असली का वितळते, काळी गोळी होते. आता पाहा याचा खोटेपणा!"

मी रफिकभाईनं देलेल्या मोज्याचा धागा काढला अन् काडी लावली. राख झाली. फुंकली, उडाली. दुसरा धागा काढला. तोही राख.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "सूतच हाय ना हो भाऊ!"

"थांबा!" मी खिशातून सुमनचा मोजा काढला. "अस्सल पाह्यलं नाही तुम्ही, म्हणून असं वाटते. हे पाहा!"

तावातावात धागा काढायचंही सुचलं नाही. काडी सरळ मोज्याच्या काठाले लावली.

तो वितळला.

आक्रसला, काळा पडला, टपकन एक थेंब आंगठ्यावर चिकटला. पिलास्टिकचा वास सुटला. मी ओरडून मोजा फेकला, रफिकभाईनं चपलेनं विझवला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"भाऊ," रफिकभाई हळू म्हणाला, "भाभी मिसळच न्यायच्या. पह्यल्यापासून. म्हणायच्या, निस्तं सूत दिवसभर उभ्या माणसाच्या पायात टिकत नाही, खाली येते. सूत जास्त पायजे, पण संग थोडा ताणाचा धागा पायजेच. इथंच बसून कैचीनं लेबल काढायच्या. म्हणायच्या, रफिकभाऊ, त्याईले सांगू नका, त्याईले लय अभिमान हाय."

मी वर्षाकडं वळलो. "तुले माहीत होतं?"

"लहानपणी आईसंग इथं यायची ना, लेबलं मीच कचऱ्यात टाकायची, बाबा."

पुढचं मले धड सांगता येत नाही. मले आधी राग आला. सुमनचा. एवढी वर्षं मले फसवलं, आता घरी जाऊन हिची खबर घेतो, असं मनात आलं अन् मी पायरी उतरलोही. मग ध्यानात आलं का घरी कोणी नाही. भांडाले आता माणूसच नाही. उन्हाळ्यापासून हे मले माहीत होतं म्हणा, पण समजलं तिथं, त्या पायरीवर.

मी तिथंच बसलो अन् रडलो. भर बाजारात, तो जळका मोजा उचलून हातात धरून, लेकरावाणी. तिनं माह्यासाठी घेतलेल्या शेवटच्या जोडीतला मोजा मी माह्या हातानं जाळला होता, तोही मी किती शहाणा हाय हे दाखवाले.

मागून आलेल्या एकानं इचारलं, "काय झालं हो त्याईले?"

दुसरा म्हणाला, "मोजा जळला त्याईचा."

"अरेरे. महागाचा असंन."

वर्षा माह्याजवळ पायरीवर बसली. मग ती आतल्या बाजूले वळून म्हणाली, "रफिककाका, आई न्यायची ते मोजे वर्षभराचे देऊन टाका. बाबाले हंगामभर उभं राह्यणं हाय."

अमरावतीची गोष्ट तिनं पुन्हा काढली नाही.

रफिकभाईनं आतून खोकं आणलं. मोजे मोजून पिशवीत घालता घालता थांबला, गल्ल्याजवळची कैची उचलली अन् माह्याकडं पाह्यत राह्यला. बिचाऱ्याले इचारायचं कसं ते कळेना.

मी नाक पुसलं.

"काढून टाका, रफिकभाई," म्हटलं. "लेबल वाचलं तर मोजे चावतीन मले."