ज्या वर्षी वेली उशिरा छाटल्या

आमच्या गावात द्राक्षवेलीला पहिली कात्री झाफिर लावतो. फेब्रुवारीत, थंडी सरता सरता, मळ्यांचा राखणदार संत त्रिफोन याच्या दिवशी, तो तीन फांद्या छाटतो, कापल्या जागी वाईन ओततो, मगच बाकीच्यांनी आपापल्या मळ्यात शिरायचं. कापून सुटणार नाही असा प्रश्न त्याला आयुष्यात भेटला नव्हता.

त्या नाताळानंतर त्याची तीन वर्षांची नात मालिना पिवळी पडली. भट्टीत भाजलेला भोपळा जास्त झाला, असं आम्ही एकमुखाने ठरवलं. भोपळा बंद झाला. पोर अंग खाजवतच राहिली. डोळे पिवळे झाले, शी चुन्यासारखी पांढरी.

"बाबा, हा भोपळा नव्हे," झाफिरची लेक स्ताम्का म्हणाली आणि पोरीला घेऊन राजधानीला, सोफियाला गेली. मागोमाग झाफिरही.

तिथे इस्पितळात पोटाचे फोटो झाले, आतला एक तुकडा काढून तपासला. मग डॉक्टर पेंचेवाबाईंनी सांगितलं, "यकृतातून पित्त ज्या नळीने उतरतं, तिच्यात कर्करोगाची गाठ आहे. मुलांमध्ये फार क्वचित होते. दिसते द्राक्षाच्या घोसासारखी."

हे झाफिरला जिव्हारी लागलं.

"मग कापा की!"

"आत्ता नाही, आजोबा. रक्तवाहिनीला चिकटलीय. आधी औषधांनी आकसू दे. तोवर पित्त आम्ही घातलेल्या रबरी नळीने बाहेरच्या पिशवीत येईल."

"अहो बाई, जन्मभर घोसच कापतोय मी."

"घोसासाठी वेल तोडता का?"

झाफिरने टोपी घातली, काढली आणि खाली बसला.

त्रिफोनचा दिवस आला. झाफिर आला नाही. गुत्तेवाल्या गेन्चोने फोन लावला.

"अरे, गाव कात्र्या घेऊन उभंय!"

"राहू दे. मीही इथं उभाच आहे."

"दुसऱ्या कुणाला तरी सांग."

"का? मी मेलोय?"

आम्ही थांबलो. एप्रिलमध्ये, औषधांच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत, तो मालिनाला घेऊन आला. पोरीच्या टोपीखाली एक केस नव्हता. त्याने तीन फांद्या छाटल्या, मागोमाग आम्ही आपापल्या. उशिरा छाटलेली वेल रडते, कापल्या जागेतून रस गळतो. त्या आठवड्यात मळ्यांचा अख्खा डोंगर ठिबकत होता.

जूनमध्ये डॉक्टरांनी आकसलेली गाठ पित्ताच्या नळीसकट काढली आणि आतडं थेट यकृताला जोडलं. आता पित्त त्या वाटेने उतरतं का, एवढंच बघायचं होतं. ते शीच्या रंगावरून कळणार होतं. गेन्चो रोज गुत्त्यातून फोन करी.

"रंग?"

"पांढराच."

एका दुपारी झाफिर इतका ओरडला की फोन कानाला लावायची गरज उरली नाही.

"तपकिरी!"

औषधं बाकी होती, तपासण्या तर वर्षानुवर्षांच्या. तरी अख्खा गुत्ता उठून उभा राहिला आणि पेले रिकामे झाले. कोपऱ्यात शहरातला एक वाईनचा व्यापारी बसला होता. त्याने आस्थेने विचारलं, "तपकिरी? ही द्राक्षाची कुठली जात?"

गेन्चोने त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. व्यापाऱ्याने ओठांपर्यंत नेलेला पेला तसाच खाली ठेवला.