ताजमहालाकडं पाठ

काल नातीनं माझ्या गुडघ्यांना बाम चोळला आणि त्या वासानं मी थेट आग्र्याच्या बागेत जाऊन बसले.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण भरल्या घरात नवऱ्याशी बोलायचं तेही सासूबाईंच्या देखत. म्हणून सहलीच्या बसमधून दिल्ली, आग्रा, जयपूर बघायला निघालो तेव्हा वाटलं, आता पोटभर बोलू. कसलं काय! गाइड शिट्ट्या मारून पळवायचा, आणि मी शहाणी नव्या उंच टाचांच्या चपला घालून मागं फरफटत होते. राणीसाहेबच जणू!

ताजमहालाच्या बागेत शिरलो आणि मी त्याच्याकडं पाठ करून बाकावर बसकण मारली. "अहो, तुम्ही या जाऊन. आपल्याकडचा मकबरा बघितलाय मी, तसाच असंल."

"काकू, ह्यासाठी लोक जन्मभर थांबतात!" गाइड वैतागला.

"मग अजून थोडं थांबू द्या की त्यांना," म्हणत हे माझ्याजवळ बसले. सगळे आत गेल्यावर यांनी खिशातून बामची डबी काढली आणि माझा पाय चक्क मांडीवर घेतला.

"अहो, सोडा! बायकोचे पाय धरतेत व्हय? कुणी बघंल!"

"बघू दे. लई दमलीस ना?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी लाजेनं डोळे घट्ट मिटून घेतले.

आता हे नाहीत. आग्र्याला जाऊन ताजमहाल बघितला नाही, याचं मला हसू येतं. पण यांचं तेव्हाचं तोंडही बघितलं नाही मी, वेडी कुठली!