रुख्माचं तोंडपाठ इंग्रजी

इंग्रज जाऊन आठ वर्षं झाली, तरी देवरीच्या जंगल खात्यातले कारकून मनिरामबाबू यांच्या घरातून इंग्रजी वाक्प्रचार काही हलले नव्हते. रोज सकाळी बाबू वाक्प्रचारांचं पुस्तक घेऊन मांडी घालून बसत आणि डोलत डोलत घोकत, "टू टर्न अ डेफ इअर, ऐकून न ऐकल्यासारखे करणे." बायको रुख्मा चुलीजवळून विचारी, "अवो, लाकडं फोडून देता का?" बाबू अर्थ लगेच करून दाखवीत.

त्या दिवशी हे असंच चाललं असताना दार वाजलं. ऑफिसातले बडेबाबू केवळराम आले होते.

"साहेबांनी धाडलं," ते खाटेवर टेकत म्हणाले. "औंदा परीक्षेले तुमचं नाव द्याचं का नाही, ते दहा वाक्प्रचार ऐकून ठरवतो."

बाबूंनी पुस्तक त्यांच्या हाती दिलं. बढतीसाठी इंग्रजीचा पेपर पास होणं भाग होतं, आणि बाबू तीनदा नापास झाले होते. त्यांच्या मते दोष तिघांचा: पेपर काढणाऱ्याचा, तपासणाऱ्याचा आणि रुख्माच्या भांड्यांचा.

रुख्मानं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण सहा वर्षं ऐकून ऐकून अख्खं पुस्तक तिला पाठ झालं होतं. बाबू ऑफिसात गेले की ती ते मांडीवर उघडून बसे. सगळे ओळखीचे बोल त्यातच होते, पण कोणता कुठल्या ओळीत, ते काही कळत नसे. पुस्तक सुलटं धरलंय की उलटं, तेही नाही. "मले दाखवा ना एकडाव," असं तिनं दोनदा म्हणून पाहिलं होतं. "कायले? तुले का हापिसात जाचं आहे?" बाबूंनी विषय मिटवला होता.

केवळरामांनी पुस्तक उघडलं. "बोला. बर्न द मिडनाइट ऑइल?"

"तेल... तेल जाळणे."

"मंग?"

"रात्र जागून अभ्यास करणे," सुपातले तांदूळ पाखडत रुख्मा आतून म्हणाली.

"अ व्हाइट एलिफंट?"

बाबू आढ्याकडे पाहू लागले. रुख्मानं सूप थांबवलं, दारातून नवऱ्याकडे नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "पोसाले महाग, कामाले निरुपयोगी."

दहाच्या दहा झाले. केवळराम हसून हसून खोकले. "मनिरामबाबू, नाव कोनाचं धाडू?"

"माझंच ऐकून शिकली ते!"

"अन् घोकता घोकता तुमी कोनाचं ऐकून राहिले होते?" केवळरामांनी डोळे पुसले. "धाडतो तुमचंच. पन रोजचा पाठ बाईले म्हनून दाखवाचा. बाई, गुरुदक्षिणा मागून घ्या."

"गोंदियाहून लुगडं आनतो," बाबू घाईघाईनं म्हणाले.

रुख्मा बाहेर आली. केवळरामांच्या हातातलं पुस्तक घेऊन तिनं ते नवऱ्यासमोर ठेवलं.

"लुगडं नको. मले हे वाचाले शिकवा."