मालूताईंचे दोन कोरे मेल

इरा, नील,

मागच्या आठवड्यात इराचा मेल माझ्या स्पॅममध्ये जाऊन पडला आणि तरी तासाभरात माझं उत्तर गेलं, तेव्हा तिने विचारलं, "आजी, स्पॅम कोण उघडून बघतं रोज?" फोनवर मी विषय बदलला. उत्तर लांब आहे, आणि ज्यांच्याविषयी आहे त्या तुमच्या आत्याआजी आता नाहीत, म्हणून लिहायला हरकत नाही. मासिकाच्या ज्या सदरात लोक असे न उलगडलेले अनुभव पाठवतात, तिकडेही हे पाठवते आहे. आई तुम्हाला वाचून दाखवेल.

आधी एक सांगते. मी सरकारी कचेरीत स्टेनो होते. ऐकलं तेवढं लिहायचं, मनचं घालायचं नाही, हीच नोकरी. या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि हसून पान उलटते. आजही उलटते. पण हे माझ्याच इनबॉक्समध्ये झालं.

मालूताई म्हणजे तुमच्या आबांची थोरली बहीण, माझी नणंद. शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्या शहरापासून तासाभरावर, अभनपुरला एकट्या राहायच्या. त्यांना कोणीतरी टॅब्लेट घेऊन दिला आणि रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आम्हा सगळ्या नातेवाइकांना एक मेल येऊ लागला — फुलाचा फोटो, खाली सुविचार. पहिले दोन महिने मला कौतुक वाटलं. मग विजेचं बिल, पेन्शनची कागदपत्रं, तुमच्या आईचे मेल... सगळं त्या फुलांखाली सापडेनासं झालं.

आता थोरल्या नणंदेला "ताई, मेल पाठवू नका" म्हणायचं? आमच्या घरात ते शक्य नव्हतं. मी सेटिंगमध्ये जाऊन गुपचूप फिल्टर लावलं — या पत्त्यावरून येईल ते सरळ कचऱ्यात. सणासुदीला भेटल्या की "फुलं मिळतात ना गं?" विचारायच्या. मी म्हणायची, "हो ताई, छान असतात." अशी दोन वर्षं गेली. फोनही कमी झाले. मेल येतच असतील, म्हणजे बऱ्या असतील, असं मी धरून चालले होते.

भादव्यातली गोष्ट. मंगळवारी सकाळी चहा घेऊन आमच्या शंकर नगरच्या घरात कॉम्प्युटर उघडला, तर इनबॉक्समध्ये सगळ्यात वर मालूताईंचा मेल. वेळ सहा दहा. विषय नाही, फूल नाही, सुविचार नाही. कोरा.

मला वाटलं, फिल्टर बिघडलं. सेटिंग उघडून बघितलं तर जागच्या जागी. पत्ता अक्षर न् अक्षर बरोबर. तरी ते पुसून नव्याने लावलं. शेजारची दीपा बँकेत कॉम्प्युटरचंच काम बघते, संध्याकाळी तिला बोलावलं. तिने स्वतःचा पत्ता फिल्टरमध्ये घालून मला मेल पाठवला. तो मुकाट कचऱ्यात गेला. मग ताईंचा मेल उघडून ती बराच वेळ बघत बसली.

"आंटी, फिल्टर तो ठीक है. मेल भी असली है, उन्हीं की आईडी से आया है. बस, यहाँ आना नहीं चाहिए था." आणि जाता जाता म्हणाली, "फोन करके पूछ लो ना, खाली क्यों भेजा?"

इथे मी चुकले. विचारायचं म्हणजे आजवरची सगळी फुलं मी कचऱ्यात टाकली, हे कळणार. मी फोन केला नाही. मंगळवारचा आख्खा दिवस मी संकोचात घालवला, हे नीट वाचा.

बुधवारी सहा दहाला दुसरा आला. तसाच कोरा.

तेव्हा मात्र फोन लावला. वाजत राहिला. चार वेळा. मी टॅक्सी बोलावून अभनपुरला गेले. दार आतून बंद. समोरच्या किराणा दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "हव दीदी, दू दिन ले दिखे नइ हे." दोन दिवसांपासून दिसल्या नव्हत्या. कामवाली तीजाला, म्हणजे इकडच्या हरतालिकेला, माहेरी गेलेली. या भागात तीजाला बायका माहेरी जातातच, त्यामुळे घर बंद दिसलं तरी कोणाला काही वाटलं नाही. ताईही कुठे गेल्या असतील, असं सगळ्यांनी धरलं. त्या दुकानदारानेच कडी तोडली.

ताई स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या. सोमवारी संध्याकाळी पाय घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. हाताला लागेल एवढ्या अंतरावर पाण्याची कळशी होती, त्यावर दोन रात्री काढल्या. मला बघून कोरड्या ओठांनी म्हणाल्या, "काहून इतका उशीर केला, सुधा?"

टॅब्लेट बाहेरच्या खोलीत, टेबलावर, बॅटरी संपून बंद पडलेला.

ऑपरेशन झाल्यावर दवाखान्यात मी तो चार्ज केला. पाठवलेल्या मेलांत शेवटचा सोमवार सकाळचा, जास्वंदीचा. मंगळवार, बुधवार — काही नाही. नागपूरच्या दोन नातेवाइकांना विचारलं. त्यांना त्या दोन्ही दिवशी काहीच आलं नव्हतं. दीपाने 'कहीं अटके होंगे' असं म्हणून बघितलं, पण कुठेच काही सापडलं नाही.

ताईंना विचारलं, "तुम्ही मेल पाठवले होते का?"

"पागल झाली काय? मी पडून होते. खिडकीतून उजेड आला की वाटे, सहा वाजले, आज सगळ्यांचं फूल राहून गेलं."

मग मी फिल्टरचं सांगून टाकलं. खाली मान घालून. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "बाकीचे बिनावाचता का होईना, महिन्यातून एकदा 'सुंदर' लिहून पाठवतात. तू कधी तेही नाही केलं. खोटं बोलाले फक्त तोंडावर येते तुले."

मी रडले. त्या मात्र हसत होत्या, आणि हसताना पाय दुखतो म्हणून मलाच रागावल्या.

त्यानंतर त्या तीन वर्षं वॉकर घेऊन चालल्या. मी फिल्टर काढलं, आणि स्पॅममध्ये कोणाचं काही अडकलं आहे का ते रोज बघू लागले. फुलं पुन्हा येऊ लागली. मी उत्तरं दिली, रोज नाही, पण दिली. कोरा मेल पुन्हा कधी आला नाही.

कोणी म्हणतं सर्व्हरची गडबड, कोणी म्हणतं तुमचं लक्ष नसेल. असेलही. मला दुसरं काही सुचत नाही, आणि जे सुचत नाही ते मी लिहिणार नाही.

ताई मागच्या फाल्गुनात गेल्या. अभनपुरचं घर विकलं. टॅब्लेट आता सुरू होत नाही. ते दोन मेल माझ्या इनबॉक्समध्ये आहेत.