बी गाळलेला शब्द

कोकणात कुणी तिरपागड्यासारखं वागलं, की "याला रत्नागिरीला पोचवा" म्हणतात, तिथल्या मनोरुग्णालयामुळे. शरफुन्निसा त्याच रत्नागिरीची, आणि सौदीतल्या खमीस मुशैतच्या इस्पितळात तिला नेमका मनोरुग्ण बायकांचाच वॉर्ड मिळाला. सोबतची नर्स पद्मजा चिडवायची, "पाठवलंय तुला, की सुटून आलीस?" शरफुन्निसा हसायची. राग तिलाही यायचा, पण तो ती जपून वापरायची.

नवी होती तेव्हा इजिप्तचे डॉक्टर वॉर्डाला 'मुरिस्तान' म्हणत. हिंदुस्तान, पाकिस्तान तसाच हाही मुलूख असेल, असं समजून तिने बाजारात ऐटीत सांगितलं, "मी मुरिस्तानात असते." दुकानदाराने पिशवी तिच्या हातात न देता लांबूनच सरकवली.

शेवटी डॉक्टरांनीच उलगडा केला. मूळ शब्द बीमारिस्तान, फारसीतला. बीमारांची जागा. तिथे तापापासून मोडक्या हाडापर्यंत सगळ्यांवर इलाज व्हायचा. पुढे बाकीचे रोगी नव्या इस्पितळांत गेले, मागे वेडे तेवढे उरले. लोकांनी शब्दाचं तोंडच छाटलं, मारिस्तानचं बोलता बोलता मुरिस्तान झालं, आणि उरलेल्याचा अर्थ केला वेड्यांचा गोंधळ.

"बीमार तर आमच्या घरातला शब्द," शरफुन्निसा म्हणाली. तेव्हापासून कुणी मुरिस्तान म्हटलं, की ती शांतपणे सांगायची, "बी राहिला. पूर्ण म्हणा." मोठ्या डॉक्टरांनाही सोडलं नाही. अशी एकोणीस वर्षं. बाईची कमालच म्हणायची.

मग सौदीकरण आलं. तिच्या जागी अरवा नावाची सौदी नर्स नेमली. तीन महिने तिला शिकवायचं, की शरफुन्निसाचं काम खलास. पण अरवा आठवड्यातच रडकुंडीला आली. "आई म्हणते, मुरिस्तानातल्या मुलीशी लग्न कोण करेल? मी सोडते, सिस्टर."

"सोडू दे," पद्मजा कुजबुजली. "तुझा इकामा वाढेल, इथे राहायचा परवाना मिळेल."

शरफुन्निसाला हे कळत नव्हतं थोडंच? पण आज ना उद्या आपल्याला जावंच लागणार, आणि तेव्हा अरवाही नसली, तर या बायकांकडे कोण बघणार, हेही तिला कळत होतं. तिने अरवाला हाताला धरून एका रोगी बाईपाशी नेलं. "पाठीमागून कधी यायचं नाही. समोर बस. फणी आधी तिच्या हातात दे, मग माग." बराच वेळ गेला. बाईने फणी परत दिली आणि केस पुढे केले. अरवा राहिली.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी फाटकावरून फोन आला, तो अरवाने उचलला. मुरिस्तानात एक बाई आणायची आहे, पहारेकरी म्हणाला.

"बी राहिला," अरवा म्हणाली. "पूर्ण म्हणा."

शरफुन्निसाने वॉर्डाची किल्ली कमरेची सोडली आणि तिच्यासमोर ठेवली. एकोणीस वर्षांची नोकरी गेली होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं.