सिद्रामप्पाच्या दोन पाट्या

बार उडाला की मैदानावरच्या सगळ्यांच्या माना वर वळत, सिद्रामप्पाची मात्र बंदूकवाल्याच्या तोंडाकडे. मातीच्या बांधाआड बसून तो चकती फेकायच्या यंत्राचा दांडा ओढी आणि बांधाच्या फटीतून माणूस बघत राही. चकती फुटली की नाही ते तोंडावर दिसतं, त्यासाठी आभाळ कशाला बघायचं, असं त्याचं म्हणणं.

सोलापूरच्या त्या क्लबात मी कारकून होतो. रविवारी सकाळी गिरण्यांचे साहेब, वकील, डॉक्टर अशी मंडळी हवेत उडणाऱ्या मातीच्या चकत्यांवर नेम धरायला जमत. चकत्या विलायतेहून येत आणि निम्म्या खोक्यातच फुटून येत. म्हणून मी दुधनीच्या सिद्रामप्पा कुंभाराला गाठलं आणि नमुना दाखवून शंभर चकत्या करायला सांगितल्या. एवढी एकच गोष्ट सांगायची राहिली की त्या फुटायला हव्यात.

त्या रविवारी कोणाचीच चकती फुटेना. नेमबाजीत नावाजलेल्या गिरणीच्या साहेबांनी टोपी काढून जमिनीवर आपटली. मी चकत्या गोळा करायला गेलो, तर त्यांच्या अंगावर छर्ऱ्यांचे ओरखडे आणि चकत्या अख्ख्या. सिद्रामप्पाची छाती फुगलेली. "बगा की कारकूनसायेब, एक बी फुटली न्हाय," तो म्हणाला. पाण्याचा माठ भाजावा तशा त्याने त्या खरपूस भाजल्या होत्या. खरा प्रकार समजावून सांगितला तेव्हा त्याचं तोंड उतरलं. "फुटायसाटी भाजायचं?" एवढंच त्याने विचारलं. पुढच्या खेपेला त्याने मातीत राख मिसळली, आव्यात लाकूड कमी घातलं आणि चकत्या फुटू लागल्या. पहिली फुटली तेव्हा त्याने डोळे मिटून घेतल्याचं मला अजून आठवतं. पुढे यंत्रावरही त्यालाच नेमलं. त्या पगारावर त्याचं घर चालू लागलं.

यंत्राची स्प्रिंग ताणली की चकती जोरात जाई, सैल केली की तरंगत जाई. सिद्रामप्पा माणूस बघून स्प्रिंग लावी. आमच्या म्हाताऱ्या वकीलसाहेबांना चकती अशी जाई, की तिलाच फुटायची घाई असावी. गिरणीच्या साहेबांची मात्र सूं करून निसटे. मी एकदा त्याला छेडलं, तर म्हणाला, "मानूस आला की त्याची एक तरी फुटाय पायजे, न्हायतर त्यो परत येत न्हाय. आन् समद्याच फुटल्या, तरी बी येत न्हाय."

मग पलटणीतून निवृत्त झालेले कॅप्टनसाहेब आमचे सेक्रेटरी झाले. शिस्तीचा माणूस. ज्याला त्याला जमतो तो खेळ कसला, असं त्यांचं मत. त्यांनी स्प्रिंग चांगली ताणली, तिथे लाल रंगाची खूण केली आणि सिद्रामप्पाला बजावलं, की सगळ्यांना हीच. खूण हललेली दिसली तर त्याच दिवशी घरचा रस्ता धरायचा. सिद्रामप्पा म्हणाला, "आयतु." कानडीत याचा अर्थ 'बरं', पण तो हो म्हणाला की नुसतंच ऐकलं म्हणाला, ते कधी कळत नसे.

दोन महिन्यांत मैदान ओस पडायला लागलं. डॉक्टरांना नेमके रविवारीच रोगी येऊ लागले. वकीलसाहेबांची कंबर रविवारी धरायची आणि सोमवारी कोर्टात सुटायची. असंच चाललं असतं तर क्लबला ना यंत्र लागलं असतं, ना सिद्रामप्पा.

एका रविवारी बांधाआड चकत्यांच्या एकीऐवजी दोन पाट्या दिसल्या. उजवीतल्या चकत्या नेहमीच्या. डावीतल्या भुसा घालून जेमतेम शेकलेल्या. एक छर्रा चाटून गेला तरी भुगा व्हायच्या. कॅप्टनसाहेबांना कळलं तर, असं मी म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "सायबांनी इस्प्रिंगला रंग लावलाय की. मातीला कुटं लावलाय?"

महिन्याभरात वकीलसाहेबांची कंबर औषधाविना बरी झाली. शिस्तीने माणसं तयार होतात, असं कॅप्टनसाहेब सगळ्यांना सांगू लागले. मी मान डोलवीत होतो.

मग परगावच्या क्लबचे पाहुणे आले. कॅप्टनसाहेब सगळ्यांसमोर उभे राहिले आणि त्यांच्या ओळीने चार चकत्या हुकल्या. मी बांधाजवळ होतो. सिद्रामप्पाने फटीतून त्यांचं तोंड पाहिलं आणि त्याचा हात डाव्या पाटीकडे गेला. मी नको नको म्हणून खुणा केल्या, पण दांडा ओढला गेला होता. बार झाला, आभाळात धुरळा उडाला, टाळ्या पडल्या.

पाहुणे चहाला गेल्यावर कॅप्टनसाहेब मैदानात गेले. एक खापर उचलून त्यांनी अंगठ्याने दाबलं. त्याची माती झाली. हात झटकत ते सरळ बांधाकडे आले. आता संपलं, असं मला वाटलं.

"ही डावी पाटी कोणासाठी?"

"जे परत याय पायजेत, त्यांच्यासाटी, सायेब."

कॅप्टनसाहेबांनी दोन्ही पाट्यांकडे पाहिलं. मग ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर ते स्वतः चाकूने लाल रंग खरवडत बसले होते. मला म्हणाले, पुढच्या रविवारी मी परत येणार आहे, सिद्रामप्पाला सांग.

सगळे गेल्यावर सिद्रामप्पा माझ्या हातीही क्लबची जुनी दुनळी बंदूक द्यायचा. माझ्या पुष्कळ फुटायच्या. कोणत्या पाटीतल्या ते ठाऊक असूनही मी खूश व्हायचो. असे दोन हिवाळे गेले. मग त्याचे गुडघे धरले आणि तो दुधनीला मुलाकडे जायला निघाला. शेवटच्या दिवशी म्हणाला, "घ्या बंदूक, एकच चकती हाय."

चकती सुटली, मी चाप ओढला, ती फुटली. मी हसत गेलो, खापर उचललं आणि अंगठ्याने दाबलं. चुरलं नाही. पुन्हा जोर लावून दाबलं. अंगठा दुखला, खापर तसंच.

मी वळून बांधाकडे पाहिलं. सिद्रामप्पा फटीतून माझ्या तोंडाकडे बघत होता.