शेवटी घ्या, मावशी

मागच्या रविवारी, प्रभुभोजनाच्या वेळी, आपल्या चर्चमध्ये राहेलमावशींचा अपमान झाला. त्या गटारं साफ करतात. द्राक्षरसाचा प्याला सगळ्यांना एकच, म्हणून एका पंचांनी त्यांना हळूच अडवलं, "मावशी, तुम्ही शेवटी घ्या."

मावशींनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या बाजूला झाल्या. मी तावातावानं उठलो, तर माझा हात दाबून म्हणाल्या, "बस रे. दुःखानं विश्वास वाढतो, असं पाळक आत्ताच उपदेशात बोलले ना? माझा लई वाढलाय. आता जरा यांचा वाढू दे."

मावशींच्या प्रार्थनेला खोली आहे, असं आपण कौतुकानं म्हणतो. ती आहे, कारण आपण त्यांना खड्ड्यातच ठेवलं. येशूनं क्रूस स्वतः उचलला. दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन उपदेश केला नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला मावशींना आधी पिऊ द्या. मग त्याच प्याल्याला तुम्ही ओठ लावा.